दार एकीकडे, जिना दुसरीकडे

आमच्या डोंगरात सिनेमा वर्षातून दोनदा यायचा,
टेम्पोतून, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांशेजारी बसून.
बास्केटबॉलच्या कोर्टावर चादर बांधायचे,
एक टोक रिंगला, दुसरं कुणाच्या तरी हातात.
बहुतेक माझ्याच. मी उंच होतो.
म्हणून अर्धं मेक्सिको शहर मी मागून पाहिलं:
सगळे डावखुरे,
दुकानांच्या पाट्या आरशातल्या.

त्या शहरात संध्याकाळ झाली की
एक शिट्टी वाजायची, लांब, चिरकत जाणारी.
आगगाडी, आई म्हणायची.
आमच्यातल्या कुणीच आगगाडी पाहिली नव्हती,
त्यामुळे लगेच पटलं.

आता मी इथे जमीन मोजायला शिकतो.
तिसरं सत्र. शेवयांचं सूप, उसनं थिओडोलाइट.
सर सांगतात, शहर तळ्यावर बसलंय,
दरवर्षी खाली जातं,
कुठे बोटभर, कुठे वीतभर.
सिनेमात हे कधी दिसलं नाही.
कॅमेराही सोबतच बुडत असणार.

मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला एक चित्र आहे,
अक्षरं न येणाऱ्यांसाठी.
बाबा आले तेव्हा मी फोनवर सांगितलं,
बदक दिसलं की उतरा. टोळ दिसला तर फार पुढे गेलात.
ते बदकापाशी उतरले
आणि विचारत राहिले, पण तळं कुठाय?

बुधवारी तिकीट अर्ध्या किमतीत.
फिदेन्सिओ माझ्यासोबत येतो आणि झोपतो.
मी जुने काळे-पांढरे बघतो,
हिरो कुठे वळला ते वहीत टिपून घेतो.
एकात तो भिजलेला कोट घेऊन एका दारात शिरतो,
जिना चढतो,
वर ती उभी.
अकरा पायऱ्या. मी मोजल्या.

ते दार सापडलं सांता मारियामध्ये.
आता तिथे पंक्चर काढतात.
दोन एलेउतेरिओ टायर बुडवता बुडवता म्हणाले,
"जिना? इथे? आत सरळ भिंत आहे, पोरा.
माझ्या मामाने त्या नटाला पाणी दिलेलं,
पेला काही परत आला नाही.
जिना तिकडे नार्वार्तेत. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे."

म्हणजे तो इथे शिरला
आणि तिथे चढला,
आणि मधलं कुणी चाललंच नाही.

मी चाललो.
साडेसहा किलोमीटर, माझ्या पावलांच्या हिशेबाने.
एका पापणीच्या उघडझापीला
तीन तास लागले:
तिरकी झालेली चर्चं, चाव्या करणारा बहिरा माणूस,
एकाच दोरीला बांधलेली नऊ कुत्री आणि त्यांच्यामागे ओढला जाणारा मुलगा,
मक्याचा धूर, बंद पडलेलं कारंजं,
मुळांनी उचललेली फरशी, तिला ठेचकाळलेला मी.
यातलं काहीच गोष्टीला लागत नव्हतं.
मला लागलं. अंगठ्याला.

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, दुखतंय का?
म्हटलं, नाही, फक्त चढायचंय.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चढू दिलं.
अठरा पायऱ्या.
उरलेल्या सात कुणी कापल्या, कुठल्या डब्यात पडून आहेत,
कुणाला विचारणार?
वर गाल सुजलेली एक मुलगी बसलेली.
ती माझ्याकडे अशी बघत राहिली
जणू माझीच वाट होती.
मग म्हणाली, नंबर माझा आहे.

रात्री आईचा फोन.
शहर तसंच आहे का रे, चादरीवरच्यासारखं?
मी सांगायला लागलो, आई, इथे दार एकीकडे आणि
तेवढ्यात गल्लीतून रताळीवाल्याची गाडी आली,
तिच्या भट्टीची वाफ सुटली
आणि तीच शिट्टी,
लांब, चिरकत जाणारी,
खिडकीतून फोनमध्ये, फोनमधून डोंगरात.

आई क्षणभर गप्प.
मग घाईने म्हणाली,
जा नेरेओ, जा,
गाडी सुटेल तुझी.

हो, म्हटलं. निघतोच.
आणि चपला घालून
रताळं घ्यायला खाली गेलो.